झोत कुठल्या बाजूला होता

ओल्डेनबुर्ग, ५ फेब्रुवारी २०२४

ओन्नो,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला आता उरलंय तरी कोण, मोठी बहीण मी आणि धाकटा तू. आणि तुझी लेक फेन्या. ती पंधराची झाली असेल ना?

आईचा चहाचा सेट माझ्याकडे आहे, तो लाल गुलाबांचा. एका कपाचा कान तुटलाय, तो तूच तोडला होतास, पण तो विषय नको. एकोणतीस तारखेला मी निवृत्त होतेय आणि मग लहान घरात जाईन म्हणते. फेन्याला सेट हवा असेल तर कळव. तुझ्या बोर्कुम बेटाच्या बोटीवर कप फुटायला नकोत, म्हणून नीट बांधून पाठवीन.

इकडे सगळं ठीक. आपलं यंत्र, तो इलेक्ट्रॉन पळवणारा लेझर, तीन आठवडे दुरुस्तीसाठी बंद आहे. तरणीताठी माणसं बोगद्यात उतरलीत, आणि मला गेशंबरोबर कोठार आवरायला बसवलंय. वीस तारखेला भंगाराची गाडी येणार आहे. तुला गेशं आठवत असेल, कोठारवाली, अजून तशीच बडबडते आणि अजून चहात तीन-तीन खडे साखर टाकते.

एक सहज विचारायचं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी, तीस जानेवारीला, चुंबकांच्या रांगेच्या तोंडाशी जो मॉनिटर होता, तो इलेक्ट्रॉनांचा झोत कुठल्या बाजूला दाखवत होता? डावीकडे ना? आठवत असेल तर दोन ओळी लिही. नसेल तर राहू दे.

अक्षर वाकडं आलंय. थंडी फार आहे.

विब्के


ओल्डेनबुर्ग, ९ फेब्रुवारी

ओन्नो,

थंडी नव्हती. कोठारात हीटर चालू होता. अक्षर वाकडं आलं ते थंडीनं नव्हे.

चहाचा सेट हे निमित्त होतं. मला काय विचारायचंय ते सरळ लिहायला धीर होत नव्हता. आज लिहिते. चौकशीला जबाब देतात तसं क्रमानं लिहीन. तुला त्यातलं निम्मं माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी वाच. क्रम सोडला तर मी पुन्हा काहीतरी लपवीन, स्वतःला मी ओळखते.

सोमवारी सकाळी गेशंनं मागच्या मांडणीवरून एक बंद पिशवी काढली. आत नळीचा वीतभर तुकडा होता, मॉनिटर होता तो. त्या अपघातानंतर बोगद्यातून काढून नवा बसवला, तोच जुना. झोताची जागा टिपणारी चारही बटणं जागेवर, आणि चारही आखूड केबली अजून जोडलेल्या. कोणी हातच लावला नव्हता.

"विब्के, हे तुझंच अक्षर ना गं?" गेशं म्हणाली. "तुझ्याइतकं ठाशीव कोण लिहितं? आणि हे बघ, वि. हा., तीस जानेवारी."

माझंच होतं. प्रत्येक केबलीवर चिकटपट्टी, प्रत्येक पट्टीवर मी लिहिलेलं: वर, खाली, डावं, उजवं. नीटनेटकं. मला जरा अभिमानच वाटला बघ! मग मी तो तुकडा मांडीवर घेतला आणि त्याच्या अंगावर कोरलेला बाण बघितला.

आपल्याकडे डावं-उजवं कसं धरतात ते पहिल्याच दिवशी शिकवतात. झोत ज्या दिशेला धावतो, त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. बाण ती दिशा दाखवतो. मी तुकडा बाणाप्रमाणे धरला. "डावं" ही पट्टी उजव्या बटणाच्या केबलीवर होती. उजवं डाव्यावर.

मी तो तीन वेळा फिरवून बघितला. गेशं म्हणाली, "काय गं, पांढरीफटक पडलीस. भूत बघितलंस काय?"

"बाण कुठे आहे ते सांग."

"हा काय, तुझ्या पोटाकडे."

"मग डावं कुठलं?"

तिनं हात वर करून जरा विचार केला आणि बोट ठेवलं. मग तिनं पट्टी वाचली आणि बोट चटकन मागे घेतलं.

त्या दिवशी पुढची लिफ्ट बंद होती. मी बोगद्यात मागच्या टोकानं उतरले, म्हणजे झोताच्या उलट चालत आले, आणि त्याच तोंडानं उभी राहून केबली जोडल्या. माझं डावं ते झोताचं उजवं होतं. बस, एवढंच. इतक्या वर्षांच्या नोकरीत नवख्यालाही मी हे करू दिलं नसतं.

आणि म्हणून पडद्यावर तुला झोत डावीकडे सरकलेला दिसला. तू तो उजवीकडे ढकललास, कोणीही ढकलला असता. पडदा म्हणाला, अजून डावीकडे गेलाय. तू अजून ढकललास. खरा झोत पहिल्यापासून उजवीकडेच होता, आणि तू त्याला नळीच्या भिंतीवर नेऊन घासलास. धोक्याची घंटा उशिरा वाजली, कारण तिची मर्यादा तूच पाळीच्या सुरुवातीला वाढवली होतीस. ते मात्र तुझं. मी तुझ्या बाजूनं लिहीत असले तरी ते सोडणार नाही.

पुढची रांग भाजली. पाच मीटर चुंबक निकामी झाले. चार महिने आपल्या लेझरनं धड प्रकाश दिला नाही, बाहेरून आलेले शास्त्रज्ञ बॅगा भरून परत गेले. आणि लॉगबुकात तुझी ओळ होती: "चूक चालकाची. दिशा गोंधळली."

मला ती ओळ पाठ आहे. तिचा मला नऊ वर्षं राग येत होता. माझ्या शब्दावर तुला इथे घेतलं होतं, आणि लोक जेवणघरात माझ्याकडे बघून आवाज खाली करायचे. ईस्टरला आईच्या टेबलावर मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. तरी लिहिते, कारण आज ते मला लिहायला हवं. मी म्हणाले, "दिशा गोंधळली म्हणे! लहान पोर आहेस? माझी मान खाली घातलीस, आणि वर धड एक कारण सांगायची हिंमत नाही. भेकड कुठला." आई रडायला लागली. तू कप खाली ठेवलास, जाकीट घेतलंस आणि गेलास.

ओन्नो, दिशा माझी गोंधळली होती.

लिहिता लिहिता दोनदा उठले.

विब्के


ओल्डेनबुर्ग, १४ फेब्रुवारी

ओन्नो,

तुझं कार्ड मिळालं. सील माशाचं चित्र आणि मागे दोन ओळी: "जुनं उकरू नकोस. सेट फेन्याला आवडेल." नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि सील माशाकडे बघत स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. मग चिडले. जुनं उकरू नकोस म्हणजे काय? मी तुला सांगतेय की तुझा दोष नव्हता, आणि तू मला सील मासा पाठवतोस! आरडाओरडा करायला हवा होतास. फोन करून मला शिव्या घालायला हव्या होत्या, आपल्या बाबांसारख्या, बंदरातल्या.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. नाही लिहिलं.

केबली उलट लागू शकतात. माणूस आहे, होतं. म्हणूनच आपल्याकडे शेवटची चाचणी असते. झोत चालू झाला की तो मुद्दाम जरासा डावीकडे ढकलायचा आणि मॉनिटरही डावीकडे म्हणतो का ते बघायचं. मग उजवीकडे. दहा मिनिटांचं काम. माझ्यासारखीची चूक पकडायलाच ती चाचणी आहे, आणि कागदावर तिच्यासाठी एक चौकोन आहे: "झोत ढकलून पडताळले." त्या चौकोनात माझी खूण आहे.

झोत चार वाजता येणार होता. मी खूण केली पावणेदोनला.

का ते सांगते आणि तू हसू नकोस. नाही, हस. त्या शुक्रवारी आपल्या विभागाची कोबीसहल होती. वर्षभर लोक त्या सहलीची वाट बघतात, हातगाडी ओढत शेताशेतातून चालायचं, दर वळणावर एक घोट, आणि शेवटी खानावळीत शिजवलेला कोबी आणि सॉसेज. आदल्या वर्षी मला कोबीची राणी निवडलं होतं. राणीशिवाय गाडी हलत नाही. रादेमाखर, आपले विभागप्रमुख, फाटकाशी बाटल्यांची गाडी घेऊन उभे होते आणि ओरडत होते, "विब्के, प्रजा तहानलीय!" मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी गाडीच्या कडेवर ठेवून सही केली. दोन वाजता यंत्रात झोत नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

"संध्याकाळी ओन्नो आहे पाळीला," मी म्हणाले. "तो बघेल." ते वाक्य मी तेव्हा बोलले आणि विसरले. या आठवड्यात आठवलं. तुला चाचणीचं सांगायला मात्र कोणी फोन केला नाही. तुझ्याकडे कागद आला तो सही झालेला, खूण केलेला. तुझ्या बहिणीची खूण. तू विश्वास ठेवलास.

चौकशीला मला एकच प्रश्न विचारला, मॉनिटर पडताळला होता का? मी हो म्हणाले. खोटं बोलतेय असंही वाटलं नाही तेव्हा. माझ्या केबली चुकतील हे माझ्या मनातच येत नव्हतं. चाचणी केली असती तर ती बरोबरच आली असती, मग केली काय आणि नाही काय, असा माझा हिशोब. एवढा माज होता मला.

अजून मी कोणाला सांगितलेलं नाही. तुकडा माझ्या कपाटात आहे. गेशं काही बोलत नाही, फक्त रोज सकाळी माझ्याकडे बघते. वीस तारखेला गाडी येईल. मी तुकडा ढिगात टाकला तर एकोणतीसला मला फुलं मिळतील, भाषणं होतील, आणि मी "डोळ्यात तेल घालून काम करणाऱ्या विब्के हार्म्स" म्हणून घरी जाईन. तुझं कार्डही तेच सांगतंय. दोन दिवस मला ते बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

विब्के


ओल्डेनबुर्ग, २१ फेब्रुवारी

ओन्नो,

मला हे कसं लिहायचं ते कळत नाहीये. तू ते पाच टप्पे केलेस.

थांब. क्रमानं.

सोमवारी मी तुकडा घेऊन रादेमाखरांच्या खोलीत गेले, टेबलावर ठेवला आणि सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"अहो विब्के, नऊ वर्षं झाली. कोणाला हवंय हे आता?"

"मला."

"दहा दिवसांत तुम्ही घरी जाणार. कशाला स्वतःच्या निरोपावर पाणी ओतता?"

"माझ्या भावाची नोकरी गेली, डॉ. रादेमाखर."

"त्याची गेली नाही, त्यानं सोडली." मग जरा नरमाईनं म्हणाले, "आणि हा तुकडा म्हणजे काही पुरावा नव्हे. कोठारात कोणी केबली काढून पुन्हा लावल्या असतील."

"बंद पिशवीत?"

त्यांनी चष्मा पुसला. सहीची आठवण मी करून दिली नाही, त्यांना ती होती. शेवटी म्हणाले, "ठीक. त्या दिवसाच्या नोंदी साठ्यात असतील. त्या काढू. त्यात काही दिसलं नाही तर हा विषय बंद, आणि तुम्ही केक खाऊन घरी जायचं. कबूल?"

"कबूल."

काल सकाळी नोंदी आल्या. खाली अंगणात भंगाराची गाडी लागली होती, तिचा खडखडाट वरपर्यंत येत होता. आम्ही दोघं पडद्यासमोर. संध्याकाळचे पाच एकतीस: झोत सरकायला लागतो. तुझं ढकलणं दिसतं. पाच अडतीस: भिंत, घंटा, सगळं बंद. रादेमाखर म्हणाले, "झालं. झोत स्वतःच सरकत असेल, यातून उलटं-सुलटं काहीच सिद्ध होत नाही." आणि ते फाइल मिटायला लागले.

मी म्हणाले, "पुढे सरकवा."

पाच बावन्नला पुन्हा झोत आहे. अगदी बारीक, कशालाही इजा न करणारा, तपासणीचा. आणि मग एक वळवणारा चुंबक जरासा डावीकडे. थांबतो. अजून जरासा डावीकडे. थांबतो. परत मधे. मग उजवीकडे, आणि शेवटी पुन्हा मधे. पाच स्वच्छ पायऱ्या, जिन्यासारख्या. आणि खाली माझ्या मॉनिटरची रेघ, तिच्याही पाच पायऱ्या. सगळ्या उलट.

रादेमाखर म्हणाले, "ही चाचणी कोणी केली?"

मी म्हणाले, "पाळीवर कोण होतं?"

"पण मग त्याला..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोवर भिंतीला धरून खाली बसले होते. त्यांनी मला पाणी आणून दिलं. एवढी वर्षं मी त्या माणसाला गर्विष्ठ समजत होते, आणि तो गुडघ्यावर बसून माझ्या हातात पेला धरून होता.

तुला ठाऊक होतं. मी जी चाचणी टाकून गेले, ती तू त्याच संध्याकाळी केलीस. कोणाच्याही आधी, चौकशीच्या आधी, माझ्या आधी तुला ठाऊक होतं की तुझा दोष नाही, माझा आहे. तुझ्या हाताखाली पडद्यावर ते ठसठशीत लिहिलेलं होतं. फक्त लॉगबुकात टाकायचं, "मॉनिटर उलटा." दोन शब्द. तू सुटला असतास.

तुझी लॉगबुकातली ओळ सहा वाजून पाच मिनिटांची आहे. पाच बावन्न ते सहा पाच. ती तेरा मिनिटं तू काय करत होतास, ओन्नो? मी काल दुपारपासून त्या तेरा मिनिटांत अडकलेय. माझी नोकरी मार्चमध्ये कायमची व्हायची होती. तोवर दर दोन वर्षांनी नवा करार, तुला माहीत होतं. आई तेव्हा माझ्याकडेच होती, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन. तुझ्याकडे इंजिनिअरची पदवी होती, माझ्याकडे फक्त हात. हे सगळं तू तिथे एकटा बसून मोजलंस का? की एवढंसुद्धा मोजलं नाहीस?

मी तेव्हा खानावळीत होते. डोक्यावर कागदी मुकुट होता.

आणि दोन महिन्यांनी ईस्टरला मी तुला भेकड म्हणाले, आणि तू फक्त कप खाली ठेवलास. तोंडाशी आलं असेल रे तुझ्या. आई समोर होती म्हणून बोलला नाहीस? ती रडत होती आणि मी ओरडत होते, आणि खरं काय ते त्या टेबलावर एकट्या तुलाच माहीत होतं.

आज एवढंच जमतंय.

वि.


ओल्डेनबुर्ग, २२ फेब्रुवारी

ओन्नो,

तू कार्डावर नको म्हणालास तरी मी केलं. आज सकाळी दुरुस्त केलेला चौकशी अहवाल भरला, रादेमाखरांच्या समोर बसून. मॉनिटर उलटा जोडला: विब्के हार्म्स. चाचणी न करता खूण केली: विब्के हार्म्स. चौकशीत खोटं उत्तर दिलं: तीच. खाली, चाचणी झाली नसताना सही केली, तिथे रादेमाखरांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. मी मागितलं नव्हतं.

मग ते पेन धरून थांबले. "तुमच्या भावानं चाचणी केली आणि नोंदवली नाही. हेही लिहावं लागेल. दोष ठाऊक असून लॉगबुकात चुकीची नोंद."

"लिहा."

"कारण काय लिहू? इथे तीन पर्याय आहेत. निष्काळजीपणा, अपुरं प्रशिक्षण, यंत्रातला दोष."

"लिहा, बहिणीला वाचवायला."

"असा रकाना नाही, विब्के."

"मग आखा."

त्यांनी पट्टी घेतली आणि पेन्सिलीनं कागदावर चौथा रकाना आखला. वरचे लोक तो खोडतील कदाचित. पण आज तरी आहे, आणि त्यात तुझं नाव आहे. दुपारी विभागातल्या सगळ्यांना जेवणघरात उभं करून मी ते वाचून दाखवलं. माझा आवाज मधेच गेला तेव्हा उरलेलं गेशंनं वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. निरोपाचा केक मी रद्द केलाय.

शनिवारी एम्डेनहून सकाळच्या बोटीनं येते आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. फेन्याला मात्र खरं सांग, किंवा मला सांगू दे. तिच्या बापानं दिशा गोंधळल्यामुळे नोकरी घालवली, असं तिनं यापुढे एक दिवससुद्धा समजू नये.

आणि एक शेवटचं राहिलंय. ते लिहिल्याशिवाय मी तुझ्या दारात उभी राहू शकणार नाही. ही नऊ वर्षं मी तुझी वाट बघत होते, ओन्नो. एक दिवस तू येशील, माझी माफी मागशील, आणि मी मोठ्या मनानं तुला माफ करीन, असं मी धरून चालले होते. कशी करायची, काय बोलायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. आईच्या अंत्यविधीला तू कबरीपलीकडे उभा होतास आणि मी मनातल्या मनात ती वाक्यं घोकत होते, तू जवळ आलास तर पटकन सुचावीत म्हणून.

तुझी,
विब्के